सारवलेली जागा

नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आले, शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध माणसाला शिक्षा होता कामा नये. शेवगावच्या आमच्या शाळेतली पोरं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, मी मार्क देते. आता ते वाक्य आलं की माझं डोकं फिरतं.

माझी धाकटी बहीण काष्टीजवळच्या वस्तीवर सासरी मेली. चुलीपाशी पाय घसरला, डोकं आपटलं, असं नवरा म्हणाला. घसरून पडणारं माणूस एकदा पडतं. तिच्या डोक्याला मागून दोन जखमा होत्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिचं प्रेत दवाखान्यात नेलेलं, पोलीसही तिकडेच. मी तिकडे धावले, आई वस्तीवरच थांबली. मागच्या खोलीत मातीच्या जमिनीवर रक्त वाळत होतं, माशा बसत होत्या. आमच्यात माणूस जिथं जातं ती जागा सारवून तिथं दिवा लावतात. आईनं पदर खोचला. शेण आणि पाण्याची बादली विहीणबाईंनीच आणून दिली. जळो ती माया. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा सारवण वाळलं होतं आणि त्यावर दिवा तेवत होता.

खटला उभा राहिला. नवऱ्यानं तोंडाला कुलूप लावलं. तो त्याचा हक्कच. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, हेही मीच शिकवते. मग आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. त्याच्या वकिलानं तिला एवढंच विचारलं, "बाई, ती जागा कोणी सारवली?"

"म्याच. माजी लेक हुती ती. तिचं रगात लोकांच्या पायाखाली येऊ द्यायचं व्हय?"

"आणखी काही विचारायचं नाही," म्हणत वकील खाली बसला.

निकाल ऐकताना मी मान खाली घातली होती. रक्त नेमकं कुठं, किती पडलं, तिला तिथं ओढत आणलं का, काहीच सिद्ध होत नाही. जखमा पडूनही होऊ शकतात, असं डॉक्टर म्हणालेले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही. निर्दोष. कायद्यानं ते चुकलं असं मला म्हणता येत नाही, त्याचीच तर लई चीड येते. शिव्या घालायला कुणी सापडलं असतं तर निदान घसा तरी मोकळा झाला असता. त्याची दुसरी सोयरीकही जमली म्हणे.

परतताना एसटीत आईनं विचारलं, "म्या सारवलं म्हनून सुटला का गं त्यो?"

"न्हाई गं. डॉक्टरनं तसं सांगितलं म्हणून."

"मग वकिलानं मला दुसरं कायच का न्हाई इचारलं?"



आता आई माझ्याकडेच असते. उभा जन्म झाडण्या-सारवण्यात गेलेली बाई. परवा दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली सांडलं. मी शाळेतून आले तर ती स्वयंपाकघराच्या दारात बसलेली, फडकं कोरडंच, दुधावर माशा घोंगावत होत्या.

"तू आदी नीट बघून घे," ती म्हणाली. "मग पुसू का, ते सांग."