माझ्या यादीत नसलेली मानसी

आईच्या दुधाबद्दल मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. मी डॉक्टर नाही, माझं लग्न झालेलं नाही, आणि कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. शहाणपण सांगायची सवय नाही. तेव्हा आधीच माफी मागतो.

कणकवलीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सरांनी मला मालवणजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना आठ प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे, आणि कोण पुढे अंगावर पाजत राहील, कोण मध्येच थांबेल याचा अंदाज बांधायचा. यालाच आम्ही ‘मॉडेल’ म्हणतो. कमी गुणवाल्यांची यादी सिस्टरना द्यायची. त्या घरी जाऊन मदत करणार. सगळ्यांकडे जायला त्यांना वेळ नव्हता.

सिस्टर शेजारी असल्याशिवाय मी तोंड उघडत नसे. पहिली भेटली सुगंधा, बाजारात मासे विकणारी.

“कामावर परत कधी जाणार?” मी फॉर्मकडे बघत विचारलं.

“चाळीस दिस झाले काय जातलंय. माशे माझ्यासाठी थांबतले काय?”

“आणि मग पाजणं...”

“तुझा लगीन झाला काय रे?”

“नाही.”

“मगे आधी ता कर. फॉर्म मगे भर.”

अख्खा वॉर्ड हसला. मी तिला कमी गुण दिले. रागाने नाही, फॉर्मप्रमाणे. लवकर कामावर जाणारी थांबते, असं त्यात धरलं होतं.

पलीकडच्या खाटेवर मानसी. बी.ए. झालेली, पहिलं बाळंतपण माहेरी, मदतीला आई. “सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही,” ती म्हणाली. पैकीच्या पैकी गुण.

दाराशी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, “शास्त्रज्ञा, तुझ्या स्टुलामागे भिंतीर काय आसा, बघलंस?”

मी वळून पाहिलं. पोस्टर होतं. सहा महिने, वरचं पाणी नको, सगळं मोठ्या अक्षरात.

“ती वाचत होती आणि तू लिवत होतंस. पाजताना दुखता तिका, पण सांगना नाय. तिचा नाव घाल यादीत.”

“पण सिस्टर, फॉर्मप्रमाणे तिचे गुण...”

“बरा. तुझो फॉर्म खरो.”

मनाला वाटलं म्हणून नाव घातलं तर मॉडेल बिघडतं, असं मी शिकलो होतो. नाव घातलं नाही.

दोन महिन्यांनी सिस्टरांसमोर बसून फोन केले. सुगंधा म्हणाली, “सिस्टर तीनदा येवन गेली. आता सासू पोराक घेवन बाजारात येता. माशे इकतंय नि पाजतंय. तुझा लगीन ठरला?”

मानसीचा फोन तिच्या आईने घेतला. “दूद पुरणा नाय. पोर नुसता रडता. पावडरचा सुरू केला.” मागून मानसीचा बारीक आवाज आला, “त्यांना सांग, मी प्रयत्न केला.”

दुपारी सिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसून मानसीकडे गेलो. त्या आत, मी पडवीत. मानसीच्या आईने कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, “तुमीच सांगलास मा, हिका कोणाची गरज नाय म्हणान?” मी पेला तसाच खाली ठेवला.

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आल्या. दूध होतं. बाळ स्तनाचं नुसतं टोक धरत होतं, त्यामुळे आईला दुखायचं, ती कमी पाजायची आणि दूध आटत चाललं होतं. “दूद येयत परत,” सिस्टर म्हणाल्या, “पण शब्द देवक येवचो नाय.” त्यानंतर त्या एक दिवसाआड तिथे जात राहिल्या.

मी परीक्षेला परतलो. प्रेझेंटेशनला सरांनी विचारलं, “थांबतील म्हणून लिहिलेल्या बहुतेक जणी पाजतायत. मॉडेल चुकलं?”

“सर, त्यांच्याकडे सिस्टर गेल्या होत्या.”

“मग हे रिपोर्टमध्ये कुठे आहे?”

नव्हतं. रात्री घातलं. अशी यादी खोटी ठरावी म्हणूनच करायची असते, हे मला तेव्हा कळलं. आणि पोस्टरखाली बसून प्रश्न विचारू नयेत, हेही.

मानसीचं काय झालं, ते मात्र विचारायचा धीर होत नव्हता. परीक्षा संपवून आचऱ्याला घरी आलो, तेव्हा सिस्टरांचा व्हॉइस मेसेज आला. मागून बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं.

“मानसीकडेच बसलंय. पोर आयेच्या दुदार आसा. आणि आजयेन पावडरचो डबो धुवन त्यात कुळथाचा पीठ भरल्यान.”