क्लॅरनेटची पत्ती

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पोरापाशी नाही, विहारात रोज भेटणाऱ्या माणसांपाशी नाही. बायकोपाशी बोलायचं होतं — ती गेली. तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा लिहिणं तुटकच राहील.

माझी नात स्वाती. पोरगा अन् सून नोकरीले जवाहरनगरात, म्हणून पोट्टी शहापूरले आमच्यापाशी वाढली. सहावीत तिले क्लॅरनेटचं वेड लागलं. पुण्याचा एक मास्तर फोनावर शिकवे. फोन माझा, अन् रेंज फक्त घरासमोरच्या छपरीत. माझ्या बुढीची, म्हणजे बायकोची, खाटही तिथंच — छातीच्या दुखण्यानं ती पडून राहे.

क्लास सुरू झाला की मी कटकट करायचो. लोकांले वाटे, त्याचं कारण त्यांले माहीत आहे. माझा बाप लग्नाच्या बँडात हेच वाजवे — वरातीत सगळ्यांच्या पुढं, अन् जेवाले सगळ्यांच्या मागं, गोठ्यापाशी. दीक्षा घेतली अन् त्यानं तो वाजा तळ्यात फेकला. मग नातीनं तोच तोंडाले कायले लावावा? मी असं बोललो की लोक माना हालवत.

पण खरं ते नव्हतं. खरं सांगू? बुढी माझ्याशी दोन शब्द बोलाले थकून जाय, अन् पोट्टीनं दोन सूर काढले की उशीले टेकून उठून बसे. हसे. जन्मभर सोबत मी राहिलो — अन् हसू त्या पोट्टीले? मले ते पाहवलं नाही. एवढंच.

नागपूरले ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी बुढी स्वातीले म्हणाली, मले पूर्ण बुद्धवंदना ऐकव, मग मी सुखानं जाईन. पोट्टी किती दिवसांपासून तेच बसवून राहिली होती. मास्तरही ऐकणार होता.

क्लॅरनेटच्या तोंडाशी एक पातळ पत्ती असते. ती थरथरली तर सूर. चांगली एकच उरली होती, नव्या यायच्या होत्या. स्वाती केस विंचराले आत गेली — अन् मी पत्तीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबलं. दिसेल न दिसेल इतकं. नकळत? नाही. लहानपणी पत्तीले हात लावला म्हणून बापानं मले मारलं होतं. नख लागलं की पत्ती मेली, म्हणे.

तिनं फुंकलं. चिरका आवाज. पुन्हा फुंकलं — तसाच. मास्तर समोर बसला असता तर पत्ती हातात घेऊन पाहिली असती. फोनात काय दिसते? तो म्हणाला, श्वास कमी पडतोय बाळा. पोट्टी ओठ चावून फुंकतच राहिली. बुढी म्हणाली, राहू दे बाई, आल्यावर ऐकीन.

अन् मी म्हणालो, "याच्यापेक्षा रेडकू बरं वरडते."

बुढी आलीच नाही.

बुढीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवून गेल्यावर, स्वाती माझ्याजवळ येऊन बसली.

"आबाजी, माह्यामुळं आजीचं ऐकायचं राहून गेलं ना?"

नाही म्हणायले काय लागत होतं? पत्तीचं लपवूनही नाही म्हणता आलं असतं. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. बारकं तोंड, रडून सुजलेलं. मले वाटलं — अजून रडावं हिनं. माझ्याइतकं रडावं.

"हो," म्हणालो. "तुह्यामुळंच."

क्लास त्या दिवशीच बंद झाला. क्लॅरनेट सुनेनं पुढं कोणाले तरी देऊन टाकलं. स्वाती आता नागपूरले नर्सिंग शिकते. बुढीच्या स्मृतिदिनाले दरवर्षी येते, येताना माझी औषधं आणते. मग फोटोसमोर बसते, हात जोडते अन् हळू आवाजात आजीची माफी मागते.

मी बाजूलेच बसलेला असतो. तिच्यासाठी मेणबत्ती मीच पेटवून देतो.