लपवलेल्या पुस्तकांच्या मॅडम

खुराड्यात हात घालून अंडी चाचपावीत, तशा मॅडम पुस्तकांच्या रांगेमागे हात घालायच्या. हात कोपरापर्यंत आत, मान वाकडी, डोळे छताकडे. मग चेहरा एकदम उजळायचा आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणायच्या, "घावलं की!"

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या खरेदी विभाग सांभाळायच्या. कोणती पुस्तकं घ्यायची, कशाच्या किती प्रती घ्यायच्या, कोणतं नियतकालिक बंद करायचं आणि हे सगळं आलेल्या अनुदानात कसं बसवायचं, हे त्यांचं काम. असं काम करणारी माणसं आतल्या खोलीत, फायलींच्या मागे बसलेली असतात, असं तुम्हालाही वाटत असेल. मला तरी वाटायचं. मॅडम मात्र दिवसातून एकदा तरी कपाटांमधून फिरायच्या, शेतकरी बांधावरून फिरतो तशा.

मी शिरोळकडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. ग्रंथालयात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी काहीच विचारायची नाही. एम.ए.ला संख्याशास्त्राचा पेपर होता आणि त्यावरचं एक सोपं मराठी पुस्तक ग्रंथालयात होतं. म्हणजे संगणक तरी म्हणायचा, 'उपलब्ध'. कपाटात ते कधी दिसायचं नाही. मी जायची, तीच फळी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचायची आणि परत यायची. आपल्यालाच शोधता येत नसेल, अशी माझी समजूत.

एकदा मागून आवाज आला, "काय गं पावणं, रोज त्याच फळीला दर्शन? नवस बोललीयस का काय?"

मी अडखळत पुस्तकाचं नाव सांगितलं.

"हितं कसं घावंल? चल, मी दावतो." कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारखं त्यासुद्धा 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायच्या. मला घेऊन त्या थेट दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथं संस्कृत शब्दकोशांचे जाडजूड खंड होते. मॅडमनी त्यांच्यामागे हात घातला आणि माझं पुस्तक बाहेर काढलं.

"ग्रंथालयात एकच प्रत. पोरांना परीक्षेला पायजे. घरी न्यायचं तर आठवड्यात परत द्यावं लागतं, मग दुसरा नेतो. म्हणून कुणीतरी हितं ठेवून रोज येऊन वाचतंय. शब्दकोशाकडं कोण फिरकत न्हाय, हे त्याला बरोबर कळलंय."

"मग त्याला ओरडणार?" मी विचारलं.

"ओरडू कशाला? त्यानं माझं काम केलं की! लपवलेलं पुस्तक म्हंजे हवं असलेलं पुस्तक. पुढचं अनुदान आलं की आणखी प्रती मागवायच्या."

ही त्यांची खरेदीची पद्धत होती. सगळ्या विभागांकडून मागणीपत्रं यायची, ती त्या नीट वाचायच्या, पण खरी मागणी कपाटांच्या मागे असते असं त्यांचं ठाम मत. कायद्याची पुस्तकं फळबागांवरच्या पुस्तकांमागे सापडायची. मानसशास्त्राची भूगोलाच्या नकाशांखाली. एकदा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आग विझवायच्या लाल बादलीत निघालं. त्या दिवशी मॅडम इतक्या हसल्या की वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या. मग त्या स्वतःच तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या.

एक प्राध्यापक होते, त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं होतं. दहा प्रती घ्याव्यात म्हणून ते मॅडमच्या टेबलापाशी ठाण मांडून बसले. मॅडमनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "सर, एक घेतो. ते कुणी लपवलं की उरलेल्या नऊ घेतो. शब्द दिला."

पुढच्याच आठवड्यात ते पुस्तक पशुसंवर्धनाच्या मागे सापडलं. कुणी ठेवलं असेल ते सांगायला नको. मला वाटलं, आता मॅडम हे सगळ्यांना ऐकवणार. पण त्यांनी कुणाला ऐकवलं नाही. पुस्तकावरची धूळ पुसली, जागेवर ठेवलं आणि सरांकडून आणखी एक प्रत घेतली. "एवढ्या वयात खाली वाकून ठेवलंय बिचाऱ्यांनी," म्हणाल्या, "एक तरी घ्यायलाच पायजे."

पुराच्या वर्षी आमच्या घरात पाणी शिरलं. माझ्याकडचं ग्रंथालयाचं पुस्तक भिजून फुगलं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी मॅडमसमोर उभी राहिले. दंड किती होईल, हे विचारायला तोंड उघडत नव्हतं. मॅडमनी पुस्तक उघडून पंख्याखाली पालथं घातलं आणि म्हणाल्या, "पुस्तक वाळतंय. घरात पाणी कुठवर आलतं ते सांग आधी. आई कुठं हाय?" मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. दंडाचा विषय निघालाच नाही. ते पुस्तक अजून आहे, जरा वेडंवाकडं, पण वाचता येतं.

पुढच्या वर्षी अनुदान कमी आलं. ग्रंथालय समितीत ठरत होतं की जादा प्रती घेणं बंदच करावं आणि ते पैसे ई-पुस्तकांच्या वर्गणीत घालावेत. तसं झालं असतं तर संख्याशास्त्राची ती एकच प्रत पुन्हा शब्दकोशांच्या मागे गेली असती, आणि माझ्यामागून येणारी मुलं माझ्यासारखीच फळी वाचून परत गेली असती. समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. मॅडमनी माझं नाव सुचवलं.

"मला बोलता येत नाही, मॅडम."

"माझ्याशी काय कानडीत बोलतीयस?"

"पण बोलू काय?"

"ते मी सांगणार न्हाय. मी सांगितलं की ते माझं झालं. जे झालंय ते बोल. सजवू नको."

बैठकीत लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, प्रत्येकापुढे बिस्किटं. अध्यक्ष सर चांगले होते, खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. ते म्हणाले, "छापील प्रत एका वेळी एकच मुलगा वाचतो. ई-पुस्तक शंभर मुलं वाचतील."

"ई-पुस्तकं घ्या की सर," मॅडम म्हणाल्या. "मी कुठं न्हाय म्हणतो? फकस्त प्रतींचे पैसे त्यात घालू नका. आणि का, ते हिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी घरून चार मुद्दे पाठ करून गेले होते. त्यातला एकही आठवला नाही.

"सर, त्यात मराठी पुस्तकं नाहीत," मी म्हणाले. "मी बघितलं. आमच्या पेपरचं एकही नाही." मॅडमनी बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली, पण वर पाहिलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "आणि सुट्टीत घरी गेलं की मोबाइल भावाकडे असतो. तो उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. पुस्तक असलं तर मला वाचता येतं."

कुणी हसलं नाही. सरांनी शेजारच्यांशी हलक्या आवाजात काही बोलून घेतलं. शेवटी वर्गणी लहान घ्यायची आणि प्रती यंदापुरत्या चालू ठेवायच्या, असं ठरलं. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "बिस्कीट तसंच ठिवलंस की."

संख्याशास्त्राच्या नव्या प्रतींची मागणी त्यांनी स्वतः पाठवली. प्रती यायच्या आत त्या निवृत्त झाल्या.

काही महिन्यांनी पेन्शनच्या कामासाठी त्या विद्यापीठात आल्या. मी तेव्हा संशोधनाला नाव नोंदवलं होतं. "प्रती आल्या, मॅडम. चला, दाखवते," म्हणून मी त्यांना ओढतच वर नेलं. नवी कोरी पाठ असलेली पुस्तकं रांगेत उभी असतील, मॅडम त्यांच्यावरून हात फिरवतील, असं मनात होतं.

फळी रिकामी होती. एकही प्रत नाही. मी ओशाळले. "परवापर्यंत होत्या, खरंच."

मॅडमनी त्या रिकाम्या फळीवरूनच हात फिरवला. मग खांद्यावरची पर्स काढून तिथं ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सगळ्या गेल्या? मग अजून..." आणि थांबल्या. खरेदी विभागाच्या खोलीत आता दुसरे साहेब बसत होते. "आता ते तू त्यांना सांग," त्या म्हणाल्या. पर्स उचलली आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना उतरून गेल्या.

मी खरेदी विभागाच्या दारापाशी गेले. जिन्यातल्या खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. मॅडम रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात दिसत होते. रिक्षा निघून गेल्यावर मी दार वाजवलं.