मोरीकडच्या वेलीचा फोटो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे द्राक्षाच्या वेलीला सुतळी बांधायचं. शनिवारची दुपार. मी स्टुलावर, बायको खालून सुतळी देत होती. गंमत अशी, की ती वेल दुसऱ्या दिवशी सकाळी कापायची ठरली होती. मी म्हटलं, "अगं, उद्या मरायचीय, तिला आज कशाला बांधायचं?"

"आज लोंबतेय ना? मग आज बांधा."

टीव्हीवर रंग आले त्या सुमाराची गोष्ट. मुलुंडला आमच्या बैठ्या चाळीच्या मागे दोन वेली होत्या, एक दाराशी, एक मोरीकडे. तिच्या भावाने नाशकाहून काड्या आणून दिलेल्या. द्राक्षं इतकी आंबट, की शेजारी एकदा खाऊन परत मागायचे नाहीत.

मी अंधेरीला एका प्रयोगशाळेत शिपाई. शिक्षण चौथी. तिथल्या एका साहेबांना द्राक्षाचा रोग फोटोत पकडायचा होता. त्यांच्याकडची फिल्म वेगळी, डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणारी. तिच्यात चांगली पानं लालभडक दिसतात आणि आजारी पानं फिकी. तेही रोग आपल्याला दिसायच्या आधी. नाशकाला जाण्याआधी साहेबांना सराव करायचा होता, म्हणून मी आमच्या वेली सुचवल्या. ते आले, फोटो काढले, शिरा दोनदा मागून खाल्ला.

फोटोत दाराशीची वेल लाल निघाली, मोरीकडची मळकट. साहेब म्हणाले, मोरीकडची मुळापासून काढा, नाहीतर दुसरीही जाईल. मी ती फिल्म घरी आणली. हिने बल्बसमोर धरून बघितली आणि म्हणाली, मेल्यांनी पानांना कुंकू फासलंय. मग मागे जाऊन एकेक पान चाचपून आली. हिरवीगार होती. दिसायच्या आधीच कापत सुटलात तर घरात उरणार कोण, असं तिचं म्हणणं.

मी फोटोची बाजू घेतली. थोड्याच दिवसांपूर्वी तिला धाप लागायची म्हणून छातीचा फोटो काढला होता. तो साफ आला. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. तेव्हापासून आम्ही दोघं निर्धास्त. मी म्हटलं, "स्वतःचा फोटो खरा मानलास ना? मग वेलीचाही मान."

तिने फिल्म माझ्या हातात परत दिली. बरं, रविवारी कापा, म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी चहा टाकता टाकता ती ओट्याशी खाली बसली आणि गेली. हृदय, म्हणाले. रात्रीच पोचवून आलो.

सकाळी साहेब आले. हातात करवत, पानं न्यायला पिशव्या. त्यांना कुठून कळणार. दारातल्या चपलांचा ढीग बघून तिथेच थांबले. कोणीतरी सांगितलं. बराच वेळ करवत कुठे लपवावी ते त्यांना सुचेना. मग हळूच म्हणाले, तेराव्यानंतर येतो, पण फार उशीर केलात तर दुसरीही जाईल.

मी म्हटलं, "साहेब, साफ फोटोवाली काल गेली. खराब फोटोवाली राहू द्या."

ते करवत घेऊन गेले.

नळ जायची वेळ झाली होती. मेहुणी आडवी आली, आज तुम्ही नुसते बसा म्हणाली. मी बादली भरली आणि आधी मोरीकडच्या वेलीला ओतली.