आधीच भरलेला हप्ता

साक्रीला माझ्या मोठ्या बहिणीची पिठाची गिरणी आहे. मेहुणे गेल्यावर तिने जुनं मशीन काढून नवं घेतलं, एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर. कंपनीचा माणूस गोड बोलून सांगून गेला होता की दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप जाईल, तुम्हाला काही करायचं नाही. अक्काला नेमकं हेच पटलं नाही. आपण नसताना कुणी आपल्या डब्यात हात घालायचा, ही तिच्या लेखी चोरीच. म्हणून तिने खातं मुद्दाम रिकामं ठेवलं आणि पाच तारखेच्या आधीच्या बाजारी कंपनीच्या ऑफिसात जाऊन रोख हप्ता भरू लागली. आमच्याकडे सगळी देणी आठवडी बाजाराच्या दिवशीच मिटतात. शिंप्याचं, गवंड्याचं, दूधवाल्याचं. मग कंपनीचंच काय वेगळं?

काउंटरवरचा माणूस पैसे घेई, पावती देई. ‘मावशी, हे खात्यात भरा’ एवढं सांगायचे कष्ट त्याने एकदाही घेतले नाहीत. तिकडे पाच तारखेला कंपनी खात्यावर हप्ता मागायला जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. त्याचा दंड बँक लावी, कंपनीही लावी, वर दोन्हींवर जीएसटी. वर्षभर अक्काने सगळे हप्ते वेळेआधी भरले आणि वर्षभर तिच्या नावावर दंड चढत गेला. तिला हे कळलं ते वसुलीची पोरं गिरणीवर आली तेव्हा. दळणाचे डबे लावून बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत ती पोरं ओरडली, “थकबाकी भरा, नाहीतर मशीन उचलून नेऊ.”

मला धुळ्याला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं, अर्ज कसा करायचा आणि साहेबाच्या डोक्यावर कसं बसायचं हे मला चांगलं ठाऊक आहे. पावत्या घेऊन आम्ही आधी बँकेत गेलो. तिथला मॅनेजर तरुण, नम्र. म्हणाला, “सिस्टिममध्ये तर हप्ता परत गेलेला दिसतोय.” मी म्हटलं, तुमच्या सिस्टिमला डोळे नाहीत, तुम्हाला तर आहेत ना? त्याने पावत्या पाहिल्या आणि म्हणाला, हे कंपनीलाच विचारा. पुढे कित्येक महिने बँक कंपनीकडे बोट दाखवत राहिली, कंपनी बँकेकडे. मी साक्रीच्या एसटीत बसून बसून वैतागलो. वरपर्यंत तक्रार गेली तेव्हा कुठे दोघं नरमले.

कंपनीने सहीसाठी एक कागद पुढे केला. ‘विलंब माझ्याकडून झाला असून विशेष सवलत म्हणून रक्कम स्वीकारत आहे.’ मी वाचून दाखवताच अक्काने पेन खाली ठेवलं.

“मना एक बी हप्ता चुकेल नही. मंग माफी कसानी?” ती म्हणाली. “भाऊ, पैसा राहू दे. त्या पोऱ्यास्ले म्हन, जठे बोंबलनात तठेच ईसन सांगा, हाई बाईनं काही देनं नही.”

समोरचा साहेब हसला. म्हणाला, गिरणीवर येऊन असं सांगायची काही पद्धत नाही आमच्याकडे. मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. ओरडायला माणसं पाठवायची पद्धत आहे, चूक झाली म्हणायला नाही? शेवटी कागदातलं विलंबाचं ते वाक्य त्यांना काढावं लागलं आणि दंडाची सगळी रक्कम परत आली. पोरं काही गिरणीवर आली नाहीत. मी खूश होतो. खरं सांगायचं तर मिशीवर ताव देत होतो.

त्याच आठवड्यात बाजारी मी अक्काबरोबर किराणा घ्यायला गेलो. वाणी जुना, मेहुण्यांच्या काळापासूनचा. आजचा माल, पैसे पुढच्या बाजारी, असा त्यांचा व्यवहार. अक्काने तेल, गूळ, डाळ सांगितली. वाण्याने तराजूला हात लावला नाही. “अक्का, आधी पैसे देता का?” त्याने हळूच विचारलं. “वाईट वाटून घेऊ नका. हल्ली सगळ्यांनाच रोख केलंय.”

दंड परत केल्याचं कंपनीचं पत्र माझ्या खिशात होतं, ते मी काढू लागलो. अक्काने माझा हात धरला आणि पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. मग त्याने माल बांधला. आमच्यामागे एक बाई होती, गिरणीवर दळणाला येणारी. तिने साखर, चहापत्ती घेतली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, “शेठ, पुढला बाजारले देस.”

“चालेल,” वाणी म्हणाला.