गुरूवरचा डाग

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या तपासनीसांना सगळे ‘नापास’ म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? उजेडाच्या काचेसमोरून सरकणाऱ्या बाटलीत मोहरीएवढा डाग दिसला, की लाल पेन्सिलीची फुली आणि बाटली बाद. सव्वीस वर्षांत आपल्या नजरेतून एकही डाग सुटलेला नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

घरी गच्चीवर दुर्बीण होती. संध्याकाळी गुरू वर आला की स्वारी बायकोचे वाळत घातलेले कपडे कोपऱ्यात लोटून दुर्बिणीला कॅमेरा जोडी. दोन मिनिटांचे चित्रण, त्यातली निवडक शेकडो चित्रे संगणकावर एकावर एक रचायची, तेव्हा कुठे एक फोटो. इतर हौशी मंडळींचे ग्रह चौकटीत इकडेतिकडे भटकत. यांचा गुरू, दुर्बिणीला ग्रहामागे फिरवणारी मोटार लावून, नेमका मध्यभागी. केसभर हलायची त्याची बिशाद नव्हती.

एके दिवशी त्या गुरूवर काळा ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. जगात कुणाच्याच फोटोत नसलेला! नापासांना आकाश ठेंगणे झाले. खगोलमंडळाच्या सचिवांनी कसलीही शहानिशा न करता रविवारी सत्कार ठरवला, आणि नापासांनी कारखान्यातल्या झाडून सगळ्यांना आमंत्रण दिले.

शनिवारी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता भिंतीवरचे फोटो बघत होती.

“अहो, गुरू स्वतःभोवती फिरतो ना?”

“दहा तासांच्या आत एक फेरा. किती वेळा सांगू?”

“मग हा ठिपका का नाही फिरत? रोज वेगळ्या वेळी फोटो काढलात, हा आपला तिथल्या तिथे. कालच्या चंद्राच्या फोटोतही तिथेच आहे बघा.”

नापासांनी कॅमेरा उघडला. आतल्या काचेवर धुळीचा एक कण बसला होता. एखाद्या गबाळ्याचा ग्रह चौकटीत हलला असता, ठिपका जागीच राहिला असता, आणि ही धूळ पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. लाजेने त्यांना रडू फुटले.

त्यांनी सचिवांना फोन केला.

“आता निमंत्रणं वाटून झाली हो,” सचिव म्हणाले. “आणि गुरूवर जाऊन कोण बघणार आहे?”

रविवारी सचिव ‘घारीच्या नजरेवर’ अर्धा तास बोलले. मग नापास उठले. पहिल्या दोन रांगांत अख्खा कारखाना बसला होता. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि मंचावरच्या भल्यामोठ्या फोटोवर फुली मारली.

“ही धूळ आहे. माझ्याच कॅमेऱ्यातली,” ते म्हणाले. “माझ्या नजरेतून सुटली. पकडली हिनं.”

मंचावर शेजारी बसलेल्या बायकोने मान खाली घातली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून भट्टीवाला ओरडला, “नापास!”

एकच हशा पिकला. सव्वीस वर्षांत ते नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर आले होते. नापासांनी मान डोलावली. शेरा बरोबर होता.