आबांची पाठ

शेजारी कुणीतरी निलगिरीचं तेल चोळतंय, आणि त्या वासासरशी मी परभणीच्या दवाखान्यात जाऊन उभी राहते. नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते. आमच्या झरी गावाहून आणलेल्या माझ्या वडिलांचा, आबांचा, फ्लू फुफ्फुसात उतरला होता. ओठ निळसर, नाकात ऑक्सिजनची नळी, छातीला चोळलेलं निलगिरीचं तेल, आत घरघर.

फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं. मला म्हणाल्या, “मी दिवसातून एकदाच येते, बाकीच्या वेळी तुम्हीच करायचं. तळहात पोकळ ठेवून पाठीवर थापट्या मारा. कफ सुटला नाही तर श्वास अडकेल.”

पत्रकं वाटताना पोलिसांनाही न भिणारी मी. पण बापावर हात कसा उचलायचा? मी नुसती गोंजारत राहिले.

आबा धापा टाकत म्हणाले, “सभेत लय टाळ्या वाजवतीस की. मार, पोरी. आता भ्यालीस व्हय?”

मग मी थापट्या मारत सुटले. आबांना खोकल्याची मोठी उबळ आली, बाईंनी भांडं पुढं धरलं, घट्ट कफ पडला. घरघर जराशी उतरली.

तेव्हा मला तेवढा कफ सुटलेलाच दिसला. प्रत्येक मोर्चात मी आबांच्या त्याच पाठीमागं निर्धास्त चालले होते. आज आठवतं ते एवढंच की माझ्या तळहाताखाली नुसत्या बरगड्या होत्या, आणि त्या थरथरत होत्या.